यादिराची रक्तवाहिनी

३ मार्च, सोमवार
यादिराला घेऊन दवाखान्यात. पोरगी पंधराची. शाळेतल्या नर्सने तिचं नाव परस्पर एका वैद्यकीय अभ्यासात दिलं. आपल्या मेक्सिकन घरांतली, मधुमेहाचा धोका असलेली मुलं त्यात घेतात. माझी पोरगी आणि धोका! चांगली ठणठणीत आहे. मी गेलो ते फक्त गैरसमज दूर करायला.

हाताला बीपीचा पट्टा पाच मिनिटं करकचून आवळतात, मग सोडतात, आणि रक्तवाहिनी किती फुलते ते सोनोग्राफीवर बघतात. निरोगी असली तर चांगली फुलते म्हणे. तिची कमी फुलली. मी म्हटलं, पोर घाबरली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, घाबरलेले तर तुम्हीच दिसता. उर्मट बाई. आता तीन महिने व्यायाम, आणि मंगळवारी घरच्यांसकट वर्ग.

५ मार्च, राखेचा बुधवार
ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू. चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली. संकल्प : ईस्टरपर्यंत घरात कोला, सोडा असली गोड पेयं बंद. बापाने आदर्श घालून द्यायला हवा.

संध्याकाळी ग्लासभर गोड ओर्चाता प्यायलो. तो तांदळाचा असतो. म्हणजे पेजच.

११ मार्च
पहिला वर्ग. घरात मधुमेह कोणाला, असं विचारल्यावर बायकोने, नोएमीने, सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, मला मधुमेह नाही, फक्त गोळी आहे. लोक का हसले कळलं नाही. ही पहिली दगाबाजी. नोंद करून ठेवतोय.

२० मार्च
यादिरा रोज कालव्याकाठी चालायला जाते. सोबत आई आणि चेलोमावशी. मला विचारतसुद्धा नाहीत. (दोनदा विचारलं होतं. एकदा टाच दुखत होती, एकदा मॅच होती. तिसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं?)

२९ मार्च, शनिवार
धक्का. मी कामाला आहे त्या बेकरीतून रोज तिच्यासाठी दोन कोंचा आणतो. वर साखरेचं कवच असलेले गोड पाव, स्वतःच्या हातचे. "छान, पपा" म्हणून ती ते खोलीत घेऊन जाते. आज शेजारच्या कुकाबाई मला म्हणाल्या की तुमच्या पावांवर माझ्या कोंबड्या चांगल्या माजल्यात. पोरगी रोज कुंपणावरून टाकते म्हणे! नोएमीला माहीत होतं. चेलोला माहीत होतं. कोंबड्यांना तर होतंच.

यादिराला जाब विचारला. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही, म्हणाली. मी खडसावलं, या घरात कुणी कुणापासून काही लपवायचं नाही. फार चांगलं बोललो.

८ एप्रिल, मंगळवार
डॉक्टरबाईंनी वर्गात सहज विचारलं : गेल्या मे महिन्यात शाळेने पत्र पाठवलं होतं, यादिराची साखर वाढलीय, लगेच तपासून घ्या म्हणून. मग आला का नाहीत? नोएमी म्हणाली, पत्र आलंच नाही. मी बुटांची नाडी बांधत होतो.

पत्र माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे. फाडलेलं नाही, याचीही कुणी दखल घ्यावी. तिचा पंधरावा वाढदिवस तोंडावर आला होता. हॉल ठरलेला, झगा शिवून आलेला. आमच्यात पंधरावा म्हणजे मुलीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, आणि त्यात ते पत्र कोण काढेल? नंतर दाखवणारच होतो. मग उन्हाळा सुरू झाला.

गाडीत ती मागे बसली होती.
"पपा, पत्र आलं होतं ना?"
मी म्हटलं, शाळावाले अशी पत्रं सगळ्यांनाच पाठवतात.
"अकरा महिने झाले, पपा."
नोएमी खिडकीबाहेर बघत राहिली. अशा गोष्टी बापाला बाजूला घेऊन विचारायच्या असतात, एवढं त्या डॉक्टरबाईंना कळू नये?

२० एप्रिल, ईस्टर
संकल्प पूर्ण झाला. मधले काही दिवस सोडून. कुणी अभिनंदन केलं नाही. यादिरा मीठ द्या म्हणाली. गेल्या आठवड्यातलं माझ्याशी एवढंच बोलणं.

१६ मे
यादिरा आज सोळाची झाली. केक नको म्हणाली. मावशीने कलिंगडावर मेणबत्त्या लावल्या. माझा केक ओट्यावर तसाच. थोडा मीच खाल्ला, वाया जायला नको म्हणून.

३ जून, मंगळवार
दुसरी सोनोग्राफी. रजा घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला. आज सगळं सुरळीत होणार याची खात्री होती.

काउंटरवर तिने फॉर्म भरला. निकाल सांगताना आत कोण असावं? तिने लिहिलं : आई, मावशी. मी हळूच म्हटलं, एक नाव राहिलं.

"राहिलं नाही, पपा."

चिडून नाही. पत्ता सांगावा तसं.

तिघी आत गेल्या. मी चाळीस मिनिटं भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत बसलो. बाहेर आल्या तेव्हा चेलो डोळे पुसत होती आणि हसतही होती. त्यावरून काय समजायचं? नोएमीला विचारलं. तिलाच विचार, म्हणाली.

गाडीत विचारणार होतो, पण रहदारी होती. जेवताना विचारणार होतो, तर ती फोनवर मैत्रिणीला काहीतरी सांगत होती. मी स्वयंपाकघरात गेलो तसा आवाज बारीक झाला.

आता तिघी कालव्यावर गेल्यात. माझ्या मुलीची रक्तवाहिनी किती फुलली, ते तिच्या मैत्रिणीला माहीत आहे.