ज्या विहिरीत मी उतरलेच नाही

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्यावर चिडायचं माझं वय उरलेलं नाही, असं सगळ्यांना वाटतं. मला नाही वाटत. परवा धाकट्याचा फोन आला. एका दिवाळी अंकासाठी मी माझ्या कानाबद्दल लिहितेय, हे त्याला कुठूनतरी कळलं होतं. म्हणाला, "ताई, तुझं काय ते लिही ना यार, पण बाबांना त्यात ओढू नको. माझ्या पोरी त्यांच्या मांडीवर वाढल्यात गं." कान माझा आहे आणि हात बाबांचा होता. हात वगळून कानाबद्दल काय लिहायचं, त्याचा आकार? मी फोन आपटला आणि नंतर भांडी इतक्या जोरात घासली की शेजारीण विचारायला आली.

तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. संपाचं दुसरं वर्ष. गिरणी बंद, बाबा दिवसभर घाटकोपरच्या डोंगरावरच्या त्या एका खोलीत भिंतीला टेकून बसलेले. वर्गात बाईंनी प्रत्येकीला विचारलं, वडील काय करतात. मी म्हटलं, "घरी बसतात." खरं तेच सांगितलं. शेजारच्या खोलीतल्या मुलीने ते नळावर सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत बाबांच्या कानावर गेलं. ते उठतात, दार लोटून घेतात. "भायर सांगतंस? माझी अब्रू वेशीर टांगतंस?" एकच थप्पड. डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली, आणि ती थांबली तेव्हा त्या बाजूला काहीच उरलं नव्हतं. तू स्टोव्हपाशी भाकरी थापत होतीस. वळलीस, माझ्याकडे बघितलंस, आणि पुन्हा परातीकडे वळलीस. त्या दिवशी एकही भाकरी करपली नाही.

कानातून पू यायला लागला तेव्हा तू मला डॉक्टरकडे नेलंस. त्यांनी बॅटरी लावून बघितलं आणि मलाच विचारलं, "कुणी मारलं का?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "नाय ओ डॉक्टर. मे म्हैन्यात गावाक बावीत उडी मारल्यान, पानी गेला कानात." बाव म्हणजे आपल्या घरामागची विहीर. मला पोहायला येत नव्हतं, आई. आजही येत नाही. डोंगर चढताना तू माझा दंड धरून म्हणालीस, "घरातला घरात रवांदे. तुझ्या बापाशीचा डोक्या ठिकाणार नाय सध्या." बरं, हेही मी गिळलं असतं. भूक लागली तरी गप्प बसायचं वर्ष होतं ते, त्यात आणखी एक.

पण तू तिथे थांबली नाहीस. त्या वर्षी चतुर्थीला गावी जाणं झालं नाही म्हणून गणपती चाळीतच आणला होता. आरतीनंतर पलीकडच्या खोलीतल्या आजोबांनी गाऱ्हाणं घातलं. एकाने देवापुढे सगळं मोठ्याने मांडायचं आणि बाकीच्यांनी हो म्हणायचं. तू आधी त्यांच्या कानाशी लागलीस, ते मी बघितलं. आजोबा हात जोडून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराकडसून गावच्या बावीर काय चुकला असात, काय वाकडा पाऊल पडला असात, ता पदरात घे, आनि तेचो कान मोकळो कर रे म्हाराजा." अख्खी चाळ ओरडली, "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बाबांचा होता. डोळे मिटून, हात जोडून. मला तू कोपराने ढोसलंस, तशी मीही म्हटलं. पुढच्या मे महिन्यात गावी नेऊन त्या विहिरीवर माझ्याच हाताने नारळ ठेवायला लावलास आणि चूक झाली असं म्हणायला लावलंस. मी विहिरीची माफी मागितली. माझी कुणी मागितली?

घरातलं घरात राहावं म्हणून तू बाबांची लाज झाकलीस, आणि माझी नसलेली चूक मात्र देवासकट सगळ्यांसमोर मांडलीस. लोक मला म्हणतात, आपल्या माणसांची खाजगी गोष्ट चव्हाट्यावर आणू नये. माझी आणलीस तेव्हा कुणी तुला म्हटलं का? वर्षानुवर्षं चाळीतल्या बायका मला बघून एकमेकींना सांगायच्या, ही ती, विहीर विटाळलेली.

मग संप विरला. बाबांना मुलुंडला एका सोसायटीत वॉचमनचं काम मिळालं आणि ते हळूहळू मऊ होत गेले. नातींच्या वेण्या घालायचे. ते चांगले झाले, आणि मला त्याचाही राग येतो, कारण त्या चांगल्या माणसाविरुद्ध आता मी एकटी उभी आहे. तू मरेपर्यंत जेवायला माझ्या उजव्या बाजूला बसायचीस, ऐकू येतं त्या बाजूला. न चुकता. म्हणजे तुला सगळं माहीत होतं. एकदा तोंडाने बोलली असतीस तर मी हे लिहायलाही बसले नसते.

लेख आज सकाळी पाठवला. धाकट्याला त्यातून पूर्ण काढलं. तो तेव्हा पाळण्यात होता, त्याचा यात काही संबंध नाही. बाबांचं नाव नाही, गिरणी नाही, पण हात आहे. तो मी कुणाच्याही सांगण्यावरून काढणार नाही, धाकट्याने बोलणं टाकलं तरी. दुपारी संपादकबाईंचा फोन आला. लेख आवडला म्हणाल्या, आणि मग सहज विचारलं, "तुम्ही लिहिलंय की आई रेशनच्या दुकानात घासलेटच्या रांगेत होती. परत आल्यावर ती काय म्हणाली?" मी म्हटलं, ते आता आठवत नाही.

हे पत्र कुठेही जायचं नाही, म्हणून इथे लिहिते. बाबांचा हात मी होता तसा छापायला दिला. तुला मात्र मी घराबाहेर काढलं, रांगेत नेऊन उभं केलं, आणि दार लावून घेतलं.