चुलीजवळ चालते, बाहेर अडते

टॅमरॅक फ्लॅट, मोंटाना
६ नोव्हेंबर १९७८

ती. ऑरिनदादास,
धाकट्या थेल्माचा सा. न. वि. वि.

तुझा खोकला कसा आहे? माझं विचारू नकोस. व्हर्नचे गुडघे गेल्यापासून शिकारीला मीच जाते, आणि बासष्टाव्या वर्षी बर्फात तीन तास बसणं म्हणजे काही गंमत नव्हे.

शनिवारी सफरचंदाच्या झाडाखाली चांगलं गलेलठ्ठ हरीण आलं. पहिली गोळी हुकली. दुसरी भरायला बंदुकीच्या चापाखालचा दांडा, तो लिव्हर, ओढला, तर तो अर्ध्यातच अडकला. काडतूस निम्मं आत, निम्मं बाहेर. हरणाने माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश चालत गेलं मेलं! रडूच आलं मला. बंदूक घरी आणून चुलीशेजारी ठेवली, तर तासाभरात लिव्हर सुरळीत. काल बाहेर नेली, पुन्हा तेच.

व्हर्नला सांगितलं तर तुझा मेहुणा भडकला. म्हणाला, माझ्या हातची बंदूक चाळीस वर्षांत अडली नाही, तूच लिव्हर भीत भीत ओढतेस. ऑक्टोबरात अख्खी सकाळ टेबलाशी बसून त्यानेच तिला तेलपाणी केलं, हे खरंच. हल्ली चिडतो फार. परवा माझ्या कॉफीत मीठ घातलं, वर मलाच म्हणतो, साखर जुनी झाली!

२६ तारखेला शिकारीचा हंगाम संपेल आणि फ्रीझरमध्ये मांसाचे दोनच पुडे आहेत. हिवाळा कशावर काढायचा? तू जन्मभर बंदुका दुरुस्त केल्यास, काहीतरी सांग.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी थेल्मा


स्पोकेन
१० नोव्हेंबर

चि. थेल्मास,
अ. उ. आ.

खोकला आहे, म्हणजे मीही आहे.

आधी सगळी काडतुसं काढ. मग लिव्हरच्या सांध्यातला मोठा स्क्रू काढ. लिव्हर खाली निघेल, काडतूस आत ढकलणारा बोल्ट मागून सरकवून घे. लहानपणी तू माझं घड्याळ खोललं होतंस, त्याहून हे सोपं. निदान हे परत जोडता येतं.

चुलीजवळ चालते, बाहेर अडते, म्हणजे मोडलेलं काही नाही. आत काहीतरी थंडीने घट्ट होतंय. बोटावर घेऊन वास घे. पिवळट, चिकट असेल आणि रंगकामाचा वास आला, तर ते जवसाचं तेल. ते लाकडी दस्त्याला चोळायचं. लोखंडात गेलं की त्याचा डिंक होतो. रॉकेलने धुऊन काढ, कोरडं पूस आणि बंदुकीचं तेल थेंबभरच लाव.

ही नवशिक्याची चूक. व्हर्न असं करणार नाही. दोन तेलांतला फरक मला त्यानेच शिकवला. कुणाला वापरायला दिली होतीस का?

जपून राहा, म्हाताऱ्या भावाला विसरू नकोस.
तुझा ऑरिन


टॅमरॅक फ्लॅट
१५ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न.

रंगाचाच वास आला. बंदूक मी कुणालाही दिली नव्हती.

तो डिंक बोटाला लागलेला, आणि मी तशीच बसून राहिले. मग एकेक आठवायला लागलं. कॉफीतलं मीठ. टपाल आणायला जातो आणि दोन तासांनी परततो. मागच्या महिन्यात बेसला जेवायला घातलंस का, असं विचारत होता. कुत्री मरून नऊ वर्षं झाली. मी म्हणायचे, वय झालं. आंधळी होते का रे मी?

त्याला कसं सांगू? अख्ख्या खोऱ्यातले लोक त्याच्याकडे बंदुका घेऊन यायचे. तेवढा एक मान त्याला उरलाय. थकले रे दादा.

लवकर लिही, एकटीला सुचत नाही.
थेल्मा


टॅमरॅक फ्लॅट
२७ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू म्हणालास तशी काडतुसं कुलपात टाकली, किल्ली माझ्या गळ्यात. मंगळवारी डॉक्टरकडे नेते.

शनिवारी हरीण मिळालं. लिव्हर असा सरकला की मीच दचकले. व्हर्न खूश. म्हणाला, बघितलंस, माझ्या हातची बंदूक!

काल ती साफ करायला बसला. मला माहीत होतं, तो जवसाचीच बाटली उचलणार. म्हणून आदल्या दिवशीच तिच्यात मी बंदुकीचं तेल भरून ठेवलं होतं. वाटलं, कशाला मन मोडा. त्याने ती बाटली उचलली, बूच काढलं आणि थांबला. वास घेतला. बाटलीवरची ‘जवस’ लिहिलेली चिठ्ठी वाचली, पुन्हा वास घेतला. नाक अजून शाबूत आहे रे त्याचं! बाटली खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, बंदुकीत ते जवसाचं मीच घातलं होतं ना?

खोटं बोलवलं नाही. हो म्हटलं.

त्याने बंदूक माझ्यापुढे सरकवली, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि माझा हात धरून दाखवलं. म्हणाला, थेंबभरच घालायचं, थेल्मा. आत्ताच नीट शिकून घे, मला आठवतंय तोवर.

आम्हा दोघांवर माया राहू दे.
तुझी थेल्मा