खताचं वाण

४ जाने., रवि.
सोसायटीची सभा. ४० मि. बोलले. ओला कचरा, आपली घाण दुसऱ्याच्या दारात ढकलणारं हे शहर, मुलुंडकरांनी खिडक्या लावून सोसलेला डंपिंगचा वास. टाळ्या. मग सेक्रेटरी देशमाने उठले, "बाई, भाषण झकास! पण खतखड्ड्याच्या जागी दोन गाड्या राहतील." खड्डा बुजवायच्या बाजूने जास्त हात. पक्का ठराव १ फेब्रु.ला.
तीन वर्षं हेच. टाळ्या मला, मतं त्यांना.

५ जाने.
घसा बसला. तळमजल्याच्या सावंतवहिनी आल्याचा काढा घेऊन हजर. खड्डा त्याच सांभाळतात. कचरा कालवणं, वास येऊ नये म्हणून सुका पाला घालणं, ताक-गूळ शिंपडणं.
"बाई, खड्ड्यात कधी हात घातलात?"
नाही. एकदाही नाही.
मग म्हणाल्या, "यंदा हळदीकुंकवाक मी वाण म्हणून खत देतलंय. वांगडा मेथीचे दाणे."
खतासोबत मेथी, ठीक. पण हळदीकुंकू! पंचवीस वर्षं त्याविरुद्ध बोलत आलेय. नवरा असलेलीला मान, नसलेलीला कोपरा. माधव होता तेव्हा मी गेले नाही, तो गेल्यावर कुणी बोलावलं नाही. पटत नाही, असं तोंडावर सांगितलं. काढा मात्र प्यायले.

८ जाने.
तीन दिवस डोक्यात तेच. जिन्यात वहिनींना गाठलं. विधवांना बोलवाल?
"खताक घोव कित्याक होयो?"
खताला नवरा कशाला हवा! इतकी वर्षं भाषणं केली, हे वाक्य मला सुचलं नाही.
"तुमी पण येवा. भाषान नको हां!"

१८ जाने.
गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या कमलमावशी दारातच थबकल्या. नवरा जाऊन अकरा वर्षं. वहिनींनी हाताला धरून आत बसवलं, ओटीत खताची पिशवी ठेवली. मावशी कितीतरी वेळ ती नुसती धरून...
देशमान्यांची सौ. म्हणाली, "गेल्या वर्षी गाळणी, यंदा माती. पुढच्या वर्षी काय गं, गांडुळं?"
"असतीत त्यात. नीट बघ," वहिनी म्हणाल्या.
किंकाळी. मग हशा.
माझ्या जिभेवर आख्खं भाषण तयार होतं. तिळगुळाबरोबर गिळलं. कुंकू नको म्हटलं. वहिनींनी आग्रह केला नाही, मनगटाला अत्तर लावलं. माझं तत्त्व शाबूत, आणि तरी मी त्या घोळक्यात. बरं वाटलं. फार.

२६ जाने.
मेथी वर आली! श्रीखंडाच्या डब्यात, फुटक्या बादलीत, जवळजवळ प्रत्येक खिडकीत. देशमान्यांची सौ. जिन्यात सांगत होती, "आमचे हे सकाळी चष्मा लावून बघतात, किती वाढली ते." वर विचारते, आणखी खत मिळेल का?
वहिनींचे आभार मानायला गेले. सुरुवात करताच, "परत भाषान?"

१ फेब्रु.
सभा. देशमान्यांनी विचारलं, "बाई, बोलायचंय?" नाही म्हटलं. सगळे वळून बघायला लागले, माझी तब्येत बरी नसावी असे. वहिनींना उठवलं. त्या दोनच वाक्यं बोलल्या. "खत संपला. आजून होया तर कचरो वेगळो देवा."
खड्डा राहिला. हात मोजायची गरज पडली नाही. पण देशमान्यांनी ठरावात लिहून घेतलं, पावसात वास सुटला तर बुजवायचा. त्यांचंही चूक नाही. गेल्या जुलैत खरंच सुटला होता.

३ फेब्रु., मंगळ.
पाळ्या लागल्या. मंगळवार माझा. कोपरापर्यंत हात घातला. आतून ऊन ऊन लागलं, दचकलेच. कमलमावशी कठड्यावर बसून सूचना देत होत्या, "बाई, खालचं वर घ्या हो!"
साबणाने हात तीनदा धुतले, वास जात नाही. तसा वाईट नाही.
जुलैत निभेल का, वहिनींना विचारलं. "काय म्हायत! सुको पालो साठवून ठेवया." आंब्याखालचा पाला संध्याकाळी झाडून घेतला. एक पोतं भरलं. पावसाला अजून चार महिने आहेत.