दहावी ‘ब’साठी तेल आणि वायू

६ नोव्हेंबर, सोमवार

पडलंच गळ्यात! दहावीच्या मुलांना ‘तेल आणि वायू क्षेत्रातील करिअर’ समजावून सांगायचं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "घरातच तज्ज्ञ आहे तुमच्या, दुसरं कोण करणार?" तज्ज्ञ म्हणजे माझा नवरा. महिनाभर समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर, महिनाभर घरी. घरी असला तरी पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेला बसतो. निम्मा संसार मी एकटीनेच केला. आता हेच मुलांना गोड करून सांगायचं.

७ नोव्हेंबर

तक्ते झाले. ड्रिलर, वेल्डर, क्रेनवाला, भूगर्भतज्ज्ञ, सेफ्टी ऑफिसर. मागे राहणाऱ्यांचा तक्ता कुणी मागितला नाही.

१० नोव्हेंबर

हा काल आला. वर्गात येशील का विचारलं. लगेच हो म्हणाला. मला वाटलं होतं, टाळेल.

१३ नोव्हेंबर

आज त्याचा तास झाला. मी मागच्या बाकावर.

हा माणूस बोलतो! हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं निघायचं, ते खुर्ची आडवी पाडून, तिच्यात अडकून दाखवलं. मुलं हसून बेजार. गॅसचा भोंगा वाजला की कोण कुठे धावतो तेही सांगितलं. इतकी वर्षं झाली, घरात यातला एक शब्द नाही.

मग पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, सगळ्यात अवघड काय असतं? मला वाटलं, वादळ म्हणेल.

"घरी आल्यावरचा दुसरा दिवस," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी सगळे खूश असतात. दुसऱ्या दिवशी कळतं, आपल्यावाचून काहीच अडलं नव्हतं."

मी फळा पुसायला उठले. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

१४ नोव्हेंबर

मीच केलं हे. त्याला आराम मिळावा म्हणून गळका नळ, गॅसची नळी, लेकीच्या शाळेतल्या भेटी — सगळं तो यायच्या आत उरकायचं. लेकीला तंबी — बाबांना त्रास द्यायचा नाही. प्लॅटफॉर्मवाल्यांच्या सगळ्या बायका असंच करतात, आणि एकमेकींना अभिमानाने सांगतात. मी तर सगळ्यांच्या पुढे! उरकता उरकता माणूसही उरकून टाकला.

१९ नोव्हेंबर

आज बोलायचंच, असं ठरवलं होतं. जेवताना तोंड उघडलं आणि विचारलं, "आणखी वाढू?"

७ डिसेंबर

गेला. बॅग मी भरायला घेतली तर म्हणाला, "राहू दे, भरलीय मी." लेक अभ्यासातून उठली नाही. तिला काय बोलणार, मीच शिकवलंय.

८ जानेवारी

आज यायचा होता. फोन आला — "बदली माणूस आला नाही गं, थांबावं लागेल थोडं." दरवेळचंच. यावेळी बाथरूमचा नळ मुद्दाम गळका ठेवलाय. बादली भरते, मी ओतते. वेड्यांचा बाजार नुसता. पण येऊ दे, आल्या आल्या सांगणार — हे तूच कर, मला जमत नाही.

११ जानेवारी

त्याच्या कंपनीचा टायवाला शाळेत आला होता, शिबिरासाठी मुलांची नावं घ्यायला. निम्मा वर्ग तयार! मुख्याध्यापिका खूश. चहा पिता पिता तो सहज म्हणाला, "तुमचे मिस्टर परवा भेटले की, जेटीजवळच्या आमच्या हॉस्टेलवर. निवांत कॅरम खेळत होते."

परवा.

मी हसले. बिस्किटांची बशी पुढे सरकवली. कुणी बाई असेल का? असलेली परवडली, तिच्याशी भांडता तरी येईल. कॅरमशी काय भांडू?

१३ जानेवारी

हॉस्टेलवर गेले. वॉचमनने फाटकातच अडवलं, मी ह्याचं नाव सांगितलं. भला माणूस. म्हणाला, सुट्टीत इथे फक्त घर नसलेल्यांनाच राहू देतात. "साहेब दोन वर्षं झाली, बोटीवरून उतरले की आधी इथेच येतात. कोणी नाही ना त्यांचं. तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "बायको. हाक मारा त्यांना."