नव्या ट्रिगरचा पहिला दहा

४ मार्च
नेमबाजी क्लबच्या ज्येष्ठ संघात तीन जागा. दोन भरल्या. तिसरी अकरा वर्षं माझी आहे, तरी कोच म्हणतात पंधरा तारखेला चाचणी. समोर कोण, तर पोस्टमन. निवृत्त, माझा तीस वर्षांचा मित्र. चष्म्याची काच बोटभर जाड. कीव आली.
आजचे गुण वाईट. दोष माझ्या पॉइंट बावीस पिस्तुलाच्या ट्रिगरचा. कुठे अडेल, कुठे सुटेल, नेम नाही. कवितेच्या तासाला गुरुजी म्हणत, यती, म्हणजे ओळीतला थांबा, चुकला की ओळ मेली. हा ट्रिगर म्हणजे नुसता यतिभंग. इतकी वर्षं ज्याला तेल पाजलं, त्यानेच दगा द्यावा?

५ मार्च
नवा ट्रिगर मागवला. ही म्हणाली, चहा पिताना तुमची बशीही वाजते, तिलाही ट्रिगर आहे का. बायकोनेही साथ सोडली.
संकल्प: रोज सकाळी डमी काडतूस घालून पन्नास वेळा सराव.

६ मार्च
बारा वेळा झाला. मग सातवीतली एक कविता आठवली. दुसरं कडवं काही केल्या आठवेना. दिवस त्यातच गेला.

९ मार्च, दुपारी ४
ट्रिगर बसला. क्लबचा बंदूक-मिस्त्री म्हणाला, काका, बोटाला जुनीच सवय आहे, चाचणी जुन्यावरच द्या, नव्याला महिना द्या. मी म्हटलं, प्रेमात पडायला महिना लागत नाही. तो स्क्रू शोधायला टेबलाखाली वाकला, तो बराच वेळ वर आला नाही.
काय ट्रिगर आहे. आधी हलकी ओढ, मग क्षणभर थांबा, मग अलगद सुटका. साक्षात आर्या वृत्तातली ओळ.

११ मार्च
सराव शून्य. इतकी सुंदर वस्तू सरावाने झिजवू नये.

१५ मार्च, दुपारी १
हात थरथरतोय. रागाने.
चाचणीची शेवटची गोळी. ओढ, थांबा, सुटका. थेट दहा. असा दहा चार वर्षांत मारला नव्हता. फक्त तो शेजारच्या, म्हणजे पोस्टमनच्या टार्गेटवर लागला. नव्या ट्रिगरने मला नेम तपासायला उसंतच दिली नाही.
पंचांनी नियम वाचला. परक्या टार्गेटवर मारणाऱ्याला शून्य. पोस्टमनच्या कागदावर आता एक भोक जास्त, आणि कुठलं कुणाचं ते सांगता येईना. अशा वेळी कागदाच्या मालकाला त्यातलं सर्वांत चांगलं मिळतं. त्याचा पाच गेला, माझा दहा आला. शून्य धरूनही मी दोन गुणांनी पुढे होतो. आता तो तीन गुणांनी पुढे.
मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, सांग ना, दहा तुझा नाही म्हणून. तो म्हणाला, पत्र ज्याच्या पत्त्यावर पडलं त्याचं.

१६ मार्च
मिस्त्री, मित्र, नियम, सगळे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. पोस्टमनशी बोलणं कायमचं बंद. ही म्हणाली, बरं झालं, कधी नव्हे ते कुणाला काही दिलंत.

१७ मार्च
पोस्टमन आला होता. बोलणं बंद असल्यामुळे नुसतं ऐकलं. स्पर्धेला संघासोबत टार्गेटचे कागद बदलायला एक माणूस लागतो. त्याने माझं नाव सुचवलंय.
अपमानालाही काही सीमा असते. मी जाणार नाही.
बस सकाळी साडेसहाला आहे. हिला गजर लावायला सांगितलाय.