यांना मत्सर येईना

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का, की अजून फक्त पाहुण्यांसमोरच येतो? आम्ही सगळे खुशाल आहोत. सासूबाईंना नवी कवळी बसली आहे, त्यामुळे त्यांचं बोलणं आता शेजाऱ्यांनाही स्वच्छ समजतं. इतक्या दिवसांत पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. पण आमच्या मंडळाच्या नाटकाच्या तालमी चालू होत्या आणि त्यात मी रोज विष पिऊन मरत होते, त्यामुळे सवड झाली नाही.

नाटक जुनं, शोकांतिका. एक शूर सेनापती, त्याची साधीभोळी बायको आणि त्याचे कान भरणारा कारभारी. तुझी बायको तरुण नायबाच्या प्रेमात आहे असं हा कारभारी सेनापतीला हळूहळू पटवून देतो, सेनापती मत्सरानं वेडापिसा होतो, तिच्या हातात विषाचा पेला देतो आणि ती बिचारी तो पिते. (मी असते तर आधी त्यालाच एक घोट घ्यायला लावला असता, पण नाटक लिहिणाऱ्यानं मला विचारलं नाही.) बायको मी. सेनापती हे, कारण ते चिलखत अंगावर शोभेल असा मंडळात दुसरा माणूस नाही. कारभारी झाला आमचा विमेवाला, आणि नायब झाला कोपऱ्यावरचा औषधवाला, जो बोलताना स्वतःच्याच चपलांकडे बघतो. बसवणारे आमचे निवृत्त मास्तर.

अडचण एकच होती. यांना मत्सर येईना. तू ओळखतेसच, दिवसभर लोकांचे फ्रिज दुरुस्त करणारा माणूस, आणि स्वभावही तसाच, थंड, उघडून पाहिलं तर आत दिवा. विमेवाला जीव तोडून सांगायचा की बायको हातची गेली, आणि हे अशी मान हलवायचे, जणू उद्या नळाला पाणी येणार नाही एवढंच कळलंय. विषाचा पेला तर इतक्या मायेनं पुढे करायचे की मास्तर एकदा म्हणाले, अहो, ते खोकल्याचं औषध नाही. शेवटी मास्तरांनी मला बाजूला घेतलं आणि घरातून काही हालचाल करता आली तर बघा, असं हळूच सुचवलं.

ताई, असलं काम मला सांगावं आणि मी ते तडीस नेऊ नये, असं कधी झालेलं नाही. कुणाच्या मनाची कळ कुठे असते हे मला बरोबर कळतं. पहिल्याच दिवशी जेवताना मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं की औषधवाला माझ्या आवाजावर खूश आहे. हे म्हणाले, "पोराला कान आहेत," आणि भात वाढून घेतला. मग मी तालमीहून औषधवाल्याबरोबर रमतगमत यायला लागले. एकदा रस्त्यावरचे दिवे गेलेले आणि समोरून हे ताडताड चालत आले. म्हटलं, आता पेटले. यांनी हातातली बॅटरी औषधवाल्याला दिली, पुढे खड्डा आहे, सांभाळून या म्हणाले आणि कुकर लावायला पुढे निघून गेले. शेवटी मी सासूबाईंना मैदानात उतरवलं. (कान भरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. आजवर ते सगळं माझ्या विरुद्ध वापरलं जायचं, प्रथमच कामाला आलं.) त्यांनी नव्या कवळीतून शब्दन् शब्द स्वच्छ उच्चारला, "सूनबाई हल्ली आरशासमोर फार असते, आणि उगाचच हसते." हे म्हणाले, "बरं आहे ना आई, डॉक्टरांनी तिला आनंदात राहायला सांगितलंय." त्या दिवशी सासूबाईंनी माझ्याकडे पहिल्यांदा कणवेनं पाहिलं.

तोवर गंमत चालली होती. पण त्या कणवेनं घात केला. भांडी विसळता विसळता माझेच डोळे भरून आले. इतक्या वर्षांचा संसार, आणि उद्या मला कुणी पळवून नेलं तर हा माणूस दारात उभा राहून विचारेल, स्वेटर घेतलास ना?

प्रयोगाच्या दिवशी मध्यंतरापर्यंत सगळं नेहमीसारखं थंड. मग विंगेत विमेवाला यांच्या कानाशी लागलेला मी पाहिला. पुढच्या प्रवेशाला हे आले ते डोळ्यांत रक्त उतरलेले. आवाज असा की पहिल्या रांगेतल्या बाईंनी पर्स छातीशी धरली. नाटकातली वाक्यं संपली आणि हे नाटकात नसलेली बोलायला लागले, "मी जिवंत असताना परक्याचा हात लागला. आणि माझ्याच माणसांनी मला एका शब्दानं सांगितलं नाही." पेला असा पुढे केला की निम्मं साखरपाणी माझ्या अंगावर. नायबानं मेकअपच्या खोलीत जाऊन आतून कडी लावून घेतली. मी माझं भाषण साफ विसरले आणि घरच्या आवाजात म्हणून गेले, "अहो, तुम्हाला वाटतं तसं काही नाही हो," आणि उरलेलं गटागटा पिऊन टाकलं. लोक हुंदके देत होते. आणि मी, ताई, इतक्या समाधानानं मेले की मेल्यावर हसू आवरेना, तोंड पडद्याकडे वळवावं लागलं.

घरी आल्यावर मी पदराशी चाळा करत विचारलं, इतका राग माझ्यावर?

"तुझ्यावर कशाला?" हे म्हणाले. "तुझ्या ताईच्या फ्रिजला त्या बाजारातल्या दुसऱ्या फ्रिजवाल्यानं हात लावलाय. गॅस भरलाय त्यानं. विमेवाला हप्ता आणायला गेला होता, त्यानं डोळ्यांनी पाहिलं."

"आणि औषधवाल्याचं काहीच नाही?"

"त्याचं काय? त्याच्याशी तू गोड बोलतेस, ऐकतो की मी. परक्याशी बोलतेस तशी. माझ्याशी कधी तितकं गोड बोललीस, तर मात्र मी घाबरेन."

हात धुवा आधी, म्हणून डाफरले. हे हसले आणि मुकाट धुवायला गेले.

नाटकातला कारभारी खोटं बोलतो म्हणून निदान शेवटी उघडा पडतो. आमचा खरं बोलला, तिथेच पंचाईत झाली. असो. माणसाच्या मनात काड्या घालू नयेत हे मी आता पक्कं शिकले. भावोजींना नमस्कार, पोरांच्या पाठीवर माझ्या वतीनं एकेक धपाटा.

तुझी धाकटी

ता. क. हे रविवारी हत्यारांची पेटी घेऊन तुझ्याकडे येत आहेत. दुसऱ्यानं भरलेला गॅस काढून आपल्या हातानं भरणार म्हणतात. त्याआधी फ्रिजच्या मागे त्या माणसानं डकवलेला त्याच्या नावाचा कागद कोमट पाण्यानं खरवडून टाक, आणि तो नुसता पत्ता विचारायला आला होता असं सांग. चहा देताना यांच्या कामाची तारीफ कर. मनातून फार दुखावलेत गं. खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतलं.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात मास्तर येऊन गेले. पुढच्या महिन्यात स्पर्धेत प्रयोग आहे, आणि सेनापतींचा राग अगदी असाच हवा म्हणतात. तेव्हा कागद खरवडू नकोस. वॉशिंग मशीन कुरकुरत असेल तर त्यासाठीही त्याच माणसाला बोलाव, फक्त विमेवाला हप्त्याला येईल त्या वेळी.