तुमच्या डोळ्याइतक्या उंचीवर

अब्बा, तुमची लाकडी पट्टी आज कचऱ्यात जाणार होती. ती कशी वाचली ते सांगायला बसले आहे. पण सरळ तिथून सुरुवात करता येत नाही, कारण त्या पट्टीबद्दल काल मी खोटं बोलले, आणि तुमच्या बाबतीत खोटं बोलण्याची ती काही माझी पहिली वेळ नव्हती.

इथल्या रुवी भागातलं फ्रेमचं दुकान मला अजून वासासकट आठवतं. भुसा, सरस आणि तुमचा बिनदुधाचा चहा. पाटीवर नाव अर्बाबचं, म्हणजे ओमानी मालकाचं, आत काम सगळं तुमचं. शाळेची बस पुढे आपल्या घराकडे, वादी अदाईला जायची, पण मी आठवड्यातून तीनदा तरी रुवीतच उतरायची आणि दुकानाच्या दारात बूट काढायची, कारण तुम्ही आत अनवाणी असायचात. काच कापणारा माणूस आणि पायात काही नाही! अम्मी कपाळाला हात लावायची. तुम्ही म्हणायचात, "बुटाखाली काच गेली तर ती घरभर फिरते. पायाखाली आली तर तिथंच कळते." एकदा, मी सातवीत असताना, डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी केलेलं चित्र मी तुमच्या आधीच दुकानाच्या भिंतीवर लावून ठेवलं, स्टुलावर चढून, चांगलं उंच. तुम्ही गिऱ्हाइकासमोरच म्हणालात, "काय गो बाय, छताला दाखवतंस काय? चित्र भिंतीला नाय लावायचा, माणसाच्या डोळ्याला लावायचा." मी फ्रेमच्या पट्ट्यांच्या मांडणीमागे जाऊन रडले. गिऱ्हाईक गेल्यावर तुम्ही मला हाक मारलीत, भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिलात, शेजारी एक सागाची पट्टी उभी धरलीत आणि माझ्या हातात पेन्सिल दिलीत. "माझ्या डोळ्यासमोर खूण कर." मी स्टुलावर उभी आहे, पेन्सिलचं टोक तुमच्या डोळ्यापासून दोन बोटांवर आहे, आणि तुमची पापणीसुद्धा हलत नाही. इतका विश्वास तुम्ही माझ्यावर त्या वयात का ठेवलात, हे मला आजही कळलेलं नाही.

विद्यापीठाच्या कलादालनात मला चित्रं लावण्याची नोकरी लागली तेव्हा तीच पट्टी तुम्ही मला दिलीत. महागडं पेंटिंग बांधतात तशी, फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये, दोन्ही टोकांना पुठ्ठ्याच्या टोप्या घालून. मी हसले होते. तरी पहिल्या प्रदर्शनातलं प्रत्येक चित्र मी त्याच पट्टीने लावलं आणि रात्रीच्या जेवणाला तुम्हाला ते सांगितलंही. तुम्ही दुसऱ्याच दिवशी शर्ट शिवायला टाकलात. "उद्घाटन कधी हाय?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, गुरुवारी, संध्याकाळी सहाला.

उद्घाटन बुधवारी होतं. मला डोळ्यासमोर दिसत होतं ना, तुम्ही हॉलमध्ये शिरणार, पाहुण्यांच्या मधून वाट काढत प्रत्येक फ्रेमच्या कोपऱ्याला अंगठा लावून ती सरळ आहे का बघणार, काचेवर तोंडाने वाफ सोडून बाहीने पुसणार, आणि डीन साहेब मला विचारणार की हे कोण. मला लाज वाटली. याला दुसरा सभ्य शब्द मिळतो का म्हणून मी खूप वर्षं शोधलं. नाही मिळत.

गुरुवारी संध्याकाळी मोबाइल बंद करून मी मैत्रिणीकडे जाऊन बसले. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी कामावर गेले तेव्हा दारावरच्या बलुची गार्डने सांगितलं, "मॅडम, गुरुवार को एक चाचा आया था. नया शर्ट पहना था. मैंने बोला बंद है, प्रोग्राम कल हो गया. उसने सीढ़ी पे जूता उतारा, शीशे को माथा लगाया और आधा घंटा अंदर देखता रहा. फिर बोला, सब बराबर लगा है. और चला गया." विद्यापीठाच्या अलीकडे रुसैलपर्यंत तुम्ही ओळखीच्या ड्रायव्हरच्या कंपनी बसमधून आला होतात, हे मला नंतर त्या ड्रायव्हरकडूनच कळलं. पुढचं चालत. घरी मात्र तुम्ही अम्मीला सांगून टाकलं होतंत, "झाला कार्यक्रम. लय मोठा हॉल हाय." आणि ती स्वयंपाकघरात गेल्यावर मला हळूच म्हणालात, "माझाच वार चुकला गो बाय. आता वय झाला." मग चहा मागितलात. मी चहा करायला उठले. गिऱ्हाइकाला मंगळवार सांगितला की मंगळवारीच फ्रेम तयार ठेवणारे तुम्ही, तुमचा वार कधी चुकला होता? तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही मला सोडून दिलंत, की तुम्ही खरंच स्वतःला दोष देत राहिलात? दोन्हींपैकी कोणतं मला जास्त झेपेल तेही मला ठरवता येत नाही.

पुढच्या वर्षी व्हिसा संपला, तुम्ही आणि अम्मी गावी गेलात. विमानतळावर काचेपलीकडून तुम्ही हात केलात, तेवढंच. तुमची बातमी आली तेव्हा मी मिळेल त्या विमानाने निघाले, पण गावी पोचले तोवर कबरीच्या मातीवर पाणीसुद्धा शिंपडून झालं होतं. तुमचा शेवटचा चेहरा मी पाहिलेला नाही. म्हणून असेल कदाचित, पण तुम्ही मला दिसता ते नेहमी त्या दाराच्या काचेमागे, बाहेरून आत बघताना.

आणि नुसतं मनातच दिसता असं नाही. दमट दिवसांत आत एसी गार असतो आणि दाराच्या काचेवर बाहेरून वाफ धरते. तिच्यात एक गोल डाग उमटतो, कपाळाएवढा. मी व्हिनेगर आणि वर्तमानपत्राने पुसते, तुम्हीच शिकवलंत तसं. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा येतो. विद्यार्थी डोकं टेकवून आत बघत असतील, एवढं मला कळतं, मी काही खुळी नाही. पण आमचे विद्यार्थी उंच आहेत. एकदा आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी तुमची पट्टी त्या डागाला लावली. डोळ्याची खूण डागाच्या बरोबर खाली आली. त्यानंतर मी मागच्या दाराने ये-जा करते.

आता कालचं. नवीन प्रदर्शन आहे, इथल्या आजच्या चित्रकारांची मोठी चित्रं, आणि सलालाहच्या एका शिल्पकाराने नारळाच्या खोडातून कोरलेली नऊ माणसं. आमच्या नव्या प्रमुख मॅडम ओमानी आहेत, कामाला चोख. त्यांनी लेझरने उंची मोजली आणि म्हणाल्या, "सगळी चित्रं चार बोटं खाली आहेत. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात नाही आलं?" मला त्या क्षणी उमगलं. अब्बा, खूण आपण अनवाणी केली होती. बघणारे बूट घालून येतात, आणि तुम्ही मुळातच बुटके. मॅडमनी पट्टी उचलून विचारलं, "ही कुणाची?" मी म्हटलं, "कुणाची नाही. एका दुकानातून आली होती." त्या म्हणाल्या, "मग खलास, उद्या खोक्यांच्या लाकडांबरोबर जाऊ दे. यल्ला, चला, सकाळी सगळी चित्रं वर घ्या."

आज सकाळी पहिलं चित्र वर घेण्याआधी शिल्पांची खोकी उघडली. नऊ माणसं, बुटकी, अनवाणी, डोळ्यांच्या जागी फक्त उथळ खाच. शिल्पकाराने लिहून पाठवलं होतं की प्रत्येकाला एकेका चित्रासमोर उभं करा, दाराकडे पाठ करून. आम्ही तशी उभी केली. मागून बघताना मला नऊच्या नऊ जणांत तुम्ही दिसत होतात. मॅडम एका माणसाच्या मागे गेल्या. थांबल्या. सँडल काढल्या, गुडघ्यात वाकल्या आणि त्याच्या खांद्यावरून चित्राकडे बघितलं. मग दुसऱ्याच्या मागून, तिसऱ्याच्या मागून. "सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बरोबर आलंय," त्या म्हणाल्या. "हे कुणी ठरवलं?"

योगायोग म्हणून मोकळी होऊ शकले असते. तोंडापर्यंत आलंही होतं. पण म्हटलं, "माझ्या वडिलांनी. रुवीत फ्रेम करायचे. कालची पट्टी त्यांची आहे. ती त्यांच्या डोळ्याची खूण आहे, मीच केलेली." आणि मॅडमसमोर, मजुरांसमोर, सातवीतल्यासारखी रडले. मॅडम तशाच अनवाणी खोक्यांच्या ढिगाकडे गेल्या, पट्टी शोधून काढली, दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. "एकही चित्र हलवू नका," त्या म्हणाल्या. मग जाता जाता वळून त्यांनी सहज विचारलं, "त्यांनी बघितलं होतं ना इथलं तुमचं काम? आले होते कधी?"

मी म्हटलं, "हो. पहिल्याच उद्घाटनाला."

बघितलंत, पुन्हा. तुम्ही आला होतात हे खरं, पण दार बंद होतं हे मी मॅडमना कसं सांगणार होते? म्हणून तुम्हाला सांगते. तुमचा वार चुकला नव्हता, अब्बा. गुरुवार मी सांगितला, आणि सांगताना बुधवार मला पक्का माहीत होता. हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकता येत नाही, तो माझ्या टेबलाच्या खणात पट्टीशेजारी राहील.

उद्घाटन उद्या आहे. बुधवारी, संध्याकाळी सहाला. आज मी पुढच्या दाराने बाहेर पडले. काचेवर डाग आहे, मी तो पुसलेला नाही.